मापाडी मॅडमची स्टिक

आमच्या मॅडम माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी खुब्याकडे. नवी मुलगी मैदानावर आली की तिचं नावगाव राहिलं बाजूला. मॅडमची नजर थेट तिच्या कमरेच्या हाडावर. जमिनीपासून ते हाड किती उंच, याचा अंदाज डोळ्यांनीच घेतला जाई आणि पेटीतून तिच्या मापाची हॉकी स्टिक बाहेर निघे. आमचं नांदुरा धान्याकापसाच्या बाजाराचं गाव. बाजारात मोजमाप करणाऱ्याला मापाडी म्हणतात, म्हणून आम्ही पोरींनी त्यांचं नाव मापाडी मॅडम ठेवलं. कुणीतरी ते फळ्यावर लिहून ठेवलं, तर मॅडम वाचून एवढंच म्हणाल्या, "अक्षर सुधारा." अशा या बाईंचा स्वतःचाच खुबा गेल्या दिवाळीनंतर मोडला, न्हाणीघरात पाय घसरून. नशिबाची ही थट्टा मला अजून आवडलेली नाही.

वर्गात त्या अगदी पुस्तकी मराठी बोलत. मैदानाची चुन्याची रेघ ओलांडली की वऱ्हाडी सुरू. "काऊन वं, उभ्याउभ्या झोपून राह्यली का?" हे ऐकलं नाही असा एक दिवस गेला नसेल. स्टिकला दुसऱ्या नावानं हाक मारलेली मात्र त्यांना खपत नसे. एखादीचे वडील तक्रार घेऊन आले, की पोरगी काठी घेऊन गावभर फिरते, तर मॅडम त्यांना तिथंच थांबवत. "स्टिक म्हणा भाऊ. काठी म्हाताऱ्याच्या हातात असते." हेच बोलणं पुढे त्यांच्याच अंगाशी आलं.

माप घेण्याचे त्यांचे कायदे कडक होते. खेळायचे बूट घालून सरळ उभं राहायचं, स्टिक पायाला लावून उभी धरायची. फॉरवर्डची खुब्याच्या हाडाशी थांबली पाहिजे, म्हणजे वाकून बॉल खेळवता येतो. बॅकची जरा वर गेली तर चालेल, कारण तिला लांबून अडवायचं असतं. एकदा मी चपलेवरच माप द्यायला गेले. "घरी चपलेवर मापशीन अन् मैदानात बुटावर खेळशीन, मंग मधली उंची कोणाची?" मॅडमनी विचारलं. मी परत जाऊन बूट घालून आले.

स्टिका शाळेच्या, पण प्रत्येक जागेची स्टिक ठरलेली. खेळायची जागा बदलली की स्टिक बदलायची, आणि तीही पेटीत टाकून नाही. आपल्या जागेवर जी येणार तिच्या हातात आपली स्टिक सगळ्यांसमोर द्यायची, "सांभाळजो वं" म्हणायचं, आणि मगच नवी हातात घ्यायची. "जुनी देल्याशिवाय नवी भेटत नाही," हा मॅडमचा नियम. त्यातून सुटका कुणाचीच नव्हती.

माझी पाळी नववी संपल्यावर आली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अशी वाढले की आईनं परकराला खाली दुसऱ्या रंगाची पट्टी लावली. जूनमध्ये मॅडमनी मला पाहिलं, खुब्यावर नजर टाकली आणि म्हणाल्या, "तुरीवानी वाढली वं तू! आता बॅकले ये." मी सहावीपासूनची फॉरवर्ड. गोल माझे, टाळ्या माझ्या, आणि जिल्ह्याची निवड तोंडावर आलेली. माझ्या जागेवर येणार होती आतापर्यंत बॅकला खेळणारी रमा, वसतिगृहात राहणारी संग्रामपूरकडची मुलगी, बुटकी आणि खारीसारखी चपळ. मला जगच बुडाल्यासारखं झालं. मी म्हटलं, "मॅडम, बॅकला खेळते, पण स्टिक हीच राहू द्या. हात बसलाय माझा."

मॅडम वाद घालत बसल्या नाहीत. मला गोलसमोर उभं केलं आणि स्वतः बॉल मारू लागल्या, कधी डावीकडून, कधी उजवीकडून. मी झेप घ्यायची आणि बॉल माझ्या स्टिकच्या टोकापासून चार बोटांवरून खुशाल निघून जायचा. मग त्यांनी रमाची लांब स्टिक माझ्या हातात दिली. पुढचा बॉल आला आणि टक्कन अडला. मॅडम म्हणाल्या, "हात बसला म्हणतं. तो तिथं बसला होता. तू आता इथं उभी हायस."

मी रडत रडत माझी स्टिक रमाला दिली. तिनं आधी दोन्ही हात स्कर्टला पुसले, मग घेतली. संध्याकाळी मी मॅडमजवळ कुरकुर केली, की बॅकनं अडवलेले बॉल कोण मोजतं? त्या चुन्याचा डबा उचलत म्हणाल्या, "मी मोजून राह्यली ना वं." त्या वर्षी जिल्ह्याच्या निवडीत माझं नाव आलं ते बॅक म्हणूनच. त्याच जागेवर खेळत खेळत मी पुढे खेळाची शिक्षिका झाले, आणि मॅडम निवृत्त झाल्यावर त्यांच्याच मैदानावर रुजू झाले.

रुजू झाले म्हणायला. मॅडम रोज संध्याकाळी हजर. हातात त्यांची स्वतःची जुनी स्टिक, मुठीला सुती लुगड्याची पट्टी गुंडाळलेली. तिनं त्या खेळत नसत, नुसत्या दाखवत. "ते पाह्य, डावी बाजू उघडी पडली." मी शिट्टी वाजवायच्या आधी त्यांची स्टिक हवेत उठायची आणि पोरी माझ्याऐवजी त्यांच्याकडे बघायच्या. कधी कधी मला चीड यायची, पण त्या नसत्या तर मैदान मला मोठं झालं असतं, हेही खरंच.

आणि मग मॅडमचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की आता काठी घेऊन उठल्या नाहीत तर पुढे उठणं कठीण. दीड महिना झाला तरी मॅडम पलंगावरच. एका दुपारी त्यांच्या सूनबाईंचा फोन आला. "काठीले हात लावत नाहीत. तुम्ही तरी सांगून पाह्या."

मी गेले. ॲल्युमिनियमची नवी काठी कोपऱ्यात उभी होती, आणि जुनी स्टिक उशीशी. "काऊन आली? पोरी मैदानावर अन् तू इथं?" आवाज तोच होता, पण तोंड सुकलेलं. मी समजावून पाहिलं. "उद्या पाहू," म्हणाल्या. ते 'उद्या' ऐकून मी घाबरले, आणि घाबरले की मला राग येतो. पलंगाखालचे त्यांचे पांढरे बूट ओढून काढले, धूळ झटकली आणि त्यांच्या पायांत घालू लागले.

"हे काय करून राह्यली?"

"माप घेते. चपलेवर मापलं तर मधली उंची कोणाची?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मी म्हटलं, "मॅडम, बसून माप घेतात का कधी?" एक हात माझ्या खांद्यावर, एक सुनेच्या, अशा त्या कण्हत उभ्या राहिल्या. मी काठी त्यांच्या पायाला लावली. दुकानातून आली तशीच ठेवलेली ती काठी खुब्याच्याही बरीच वर गेली. मॅडमनी खाली पाहिलं आणि कपाळाला आठ्या पडल्या. "येवढी लांब? मले बॅकले टाकता का? मनगटाजवळ येऊ दे." मी बटण दाबून काठी एका भोकानं आखूड केली. "आणखीन." अजून एक. "बस."

त्यांनी हात पुढे केला आणि मी काठी मागे घेतली. "जुनी देल्याशिवाय नवी भेटत नाही, मॅडम."

मॅडमनी सुनेला उशीकडे खूण केली. जुनी स्टिक हातात घेतली, मुठीच्या पट्टीवरून एकदा अंगठा फिरवला आणि माझ्या हातात दिली. "सांभाळजो वं," म्हणाल्या. आणि लगेच, "तुले ते लांबीले कमी पडते. खेळू नोको तिनं, नुसती दाखवत जाय." त्या दिवशी मॅडम दारापर्यंत चालल्या आणि बूट चावतात म्हणून आम्हा दोघींवर ओरडल्या.

आता त्या ऑटोनं मैदानावर येतात आणि रेघेपासून खुर्चीपर्यंत काठीनं चालत जातात. परवा मी एका मुलीला फॉरवर्डवरून बॅकला घेतलं. ती स्टिक छातीशी धरून उभी, डोळे भरलेले, द्यायलाच तयार नाही. मी काही म्हणणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"अवं, दे तिले. मीबी देली ना."

पोरीनं मॅडमच्या हातातल्या काठीकडे पाहिलं, नाक पुसलं आणि स्टिक पुढे केली.