भाजीचं पाणी

आमच्या घरात पोटॅशियम माझ्या मूत्रपिंडांमुळे आलं नाही. ते आधीपासूनच गोठ्याशेजारच्या खोलीत, खताच्या गोण्यांमध्ये होतं. तापीकाठी केळी लावणाऱ्याला पोटॅशचं महत्त्व सांगावं लागत नाही. घड भरायचा तर ते द्यावंच लागतं. त्यामुळे धुळ्याच्या डॉक्टरांनी मला ते वर्ज्य केलं, तेव्हा माझ्या थोरल्या भावाने तो अपमान मानला. स्वतःचा, बागेचा आणि गोण्यांचाही.

"आपण केयीले गोण्यांनी घालतो," भाऊ म्हणाला, "अन् तुले चिमूटभर सोसत नाही, मास्तर?"

मी गावच्या हायस्कुलात मराठी शिकवत होतो. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. माझी मूत्रपिंडं अर्धीअधिक निकामी झाली होती आणि रक्तात साठणारा हा क्षार एखाद्या दिवशी हृदय थांबवील, असं डॉक्टरांनी बसच्या वेळा सांगाव्यात तशा आवाजात सांगितलं. फारसं दुखणार नाही, असंही म्हणाले. बहुधा दिलासा म्हणून. मग यादी दिली. केळी, शहाळं, टोमॅटो, बटाटे, गूळ, शेंगदाणे बंद. शेंगदाणे काढले की खानदेशी स्वयंपाकात तिखट आणि मीठ उरतं. त्यातलं मीठही कमी करायचं होतं. उरलेल्या भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या, ते पाणी फेकून द्यायचं आणि मग फोडणी. या भाजीला चव नसते असं म्हणणंही तिचं कौतुक होईल.

भाऊ त्या वर्षी केळी बागायतदारांच्या मंडळाचा अध्यक्ष झाला होता. अध्यक्षाचा भाऊ केळं खात नाही ही बातमी गावात पसरली. व्यापारीही थट्टेने विचारू लागले, "अध्यक्ष, मालात असं काय आहे, की घरची माणसं तोंड लावत नाहीत?" भाऊला थट्टा करता येत असे, सोसत नसे.

मंडळाच्या सत्काराला त्याने मला पहिल्या रांगेत बसवलं. पाहुण्यांच्या गळ्यात हार, समोर केळीचे घड, भाऊच्या हातात माईक. केळ्यामुळे हाडं, बुद्धी आणि चारित्र्य कसं बळकट होतं यावर त्याने पाऊण तास घेतला. मग एक केळं सोलत तो खाली उतरला आणि माझ्यापुढे धरून म्हणाला, "खा. बठ्ठ्या गावासमोर खा."

मी हात मागे घेतला.

"पाहा," तो माईकमध्ये म्हणाला, "शिकलेल्या माणसाला घरच्या अन्नाची लाज वाटते." लोक हसले. माझे दोन विद्यार्थीही हसले. त्यांना मी पुढे काठावर पास केलं, तेही नाइलाजाने.

खरा अपमान पुढच्या महिन्यात झाला. तीन महिने मी यादीतल्या बंद पदार्थांचा एक घासही घेतला नव्हता, आणि रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "चोरून खाता. केळीच्या गावचे सगळे पेशंट असंच करतात. असंच चाललं तर पुढच्या वेळी तुमच्याऐवजी तुमचे नातेवाईक येतील." मी शपथा घेतल्या. शपथ घेणारा माणूस खोटारडाच दिसतो, हे मला वर्गातल्या अनुभवावरून ठाऊक होतं.

भाऊला मात्र आनंद झाला. "केयं सोडलं तरी वाढलं ना? मग केयाचा काय दोष?"

रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो. तिथे पुरुषाने बसायची पद्धत नव्हती, वहिनी बावरली. तिने दुधीच्या फोडी उकळल्या, पाणी गाळलं, आणि ते हिरवट, कोमट पाणी मोरीकडे न नेता परातीत ओतलं. ज्वारीच्या पिठात. माझ्याच भाकरीच्या.

"वहिनी, हे काय?"

"असं काय करता भाऊजी? भाकरी मऊ होते. तुमचे भाऊच म्हणाले, बठ्ठी ताकद पाण्यात उतरते. ती काय मोरीत टाकू?"

म्हणजे भाऊला नेमकं कळलं होतं. खत पाण्यात उतरतं आणि पाण्याबरोबर मुळाशी जातं, हे त्याला डॉक्टरांइतकंच नीट माहीत होतं. डॉक्टर मला उपाशी मारतोय अशी खात्री पटल्यामुळे, केळीला द्यावा तसा तो मला डोस देत होता. रोज, दोन्ही वेळा. मी विचारलं तेव्हा तो ओशाळलासुद्धा नाही. "मरू देऊ का तुले?" म्हणाला.

ती माया होती, असं घरात अजून सगळे म्हणतात. असेल. मायेने हृदय थांबलं तर ते कमी थांबतं, असं डॉक्टरांच्या यादीत कुठे नव्हतं.

मी पडवीत वेगळा स्टोव्ह मांडला. पुढची दोन वर्षं मीच चिरलं, मीच उकळलं, आणि वाईटच शिजवलं. पुढच्या तपासणीत आकडा उतरला. भाऊ ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला, "मास्तर सुधारला. घरची भाकरी, दुसरं काय!"

मी एकदाही त्याचं म्हणणं खोडलं नाही. तो ओट्यावर आहे याची खात्री करून पातेलं उचलायचो आणि त्याच्या देखत, शेवटच्या थेंबापर्यंत, सावकाश, पाणी मोरीत ओतायचो.