हार्ड डिस्कवरचं गंध

चंदन उगाळल्याचा वास आला की मला चेन्नईच्या नुंगंबाक्कममधलं ते छोटं ऑफिस आठवतं. तिथल्या कॉम्प्युटरवर मीच हट्टाने विंडोजऐवजी लिनक्स घातलं होतं, आणि आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, सुट्टीनंतर तो चालू केला तर काळ्या पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकत राहिला. "जेवायच्या सुट्टीपर्यंत सुरू झालं नाही, तर तुझं ते लिनक्स काढून टाक," साहेबांनी बजावलं. मी सीडीवरून मशीन चालू केलं, मशीन सुरू करणाऱ्या बूटच्या फायली दहादा तपासल्या, पण चूक काही सापडेना. शेवटी वैतागून कॉम्प्युटरचा डबा उघडला, तर आतल्या दोन्ही हार्ड डिस्कवर वाळलेलं गंध आणि कुंकू! "आत कुणी हात घातला?" मी ओरडलो. आमच्या टायपिस्ट अक्का, तंजावरच्या मराठी घरातल्या, धाकट्या भावाला समजवावं तशा शांतपणे म्हणाल्या, "मी. धूळ पुसली, पूजा केली. काम करतं ते आतच ना, तंबी?" डिस्क परत बसवताना त्यांच्या हातून दोन केबलींची अदलाबदल झाली होती, म्हणून मशीन लिनक्स भलत्याच डिस्कवर शोधत होतं. मी त्या नीट लावल्या आणि लिनक्स निमूट सुरू झालं. गंध मात्र पुसलं नाही. आजही अडून बसलेलं मशीन समोर आलं की मी आधी विचारतो, याच्यावर अलीकडे कुणी माया केलीय का?