चिटणीस डॉक्टरांच्या आवडीचा पदार्थ

डॉक्टर दत्तात्रेय चिटणीस गेले आणि बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या त्यांच्या घरी माणसांच्या बरोबरीनं डबे यायला लागले. सुतकात घरात धड स्वयंपाक होत नाही, शेजारीपाजारी जेवण आणून देतात, ही रीतच आहे. पण शेजारी आणतात ते पिठलं-भात. इथे मकरपुऱ्याहून डाळ-तांदळाचा हांडवा आला, वाडीतून उंधियूचं पातेलं आलं, नंदेसरीहून एक गृहस्थ स्कूटरच्या हँडलला वांग्याच्या भरताचा डबा अडकवून आले. एका बाईंनी तर पुरणपोळ्या आणल्या. सुतकाच्या घरात पुरणपोळ्या पाहून डॉक्टरांचे थोरले भाऊ बळवंतराव यांनी कपाळाला हात लावला.

गुजराती मंडळी बेसण्याला, म्हणजे त्यांच्याकडच्या शोकसभेला, यावं तशी पांढरे कपडे घालून, मान खाली घालून येत. गप्प बसत, हात जोडत, आणि निघताना डबा पुढे करून प्रत्येकजण एकच वाक्य बोले, की हे साहेबांच्या फार आवडीचं होतं. अवंतीबेन नावाच्या बाई तर डोळे पुसत म्हणाल्या, "साहेबने तो मारो हांडवो ज भावे." म्हणजे साहेबांना आवडे तो त्यांचाच हांडवा. त्यांच्या शेजारी बसलेल्या भरीतवाल्या गजेंद्राच्या चेहऱ्यावर मात्र, बाईंना काहीच माहीत नाही, हे स्वच्छ दिसत होतं.

निरुपमाबाई, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, हे सगळं ऐकून घेत होत्या. जन्मभर मराठी शाळेत भूगोल शिकवलेली बाई. समोरचा चुकला की दुरुस्त केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पण इथे दुरुस्त काय करणार? नवऱ्याला नेमकं काय आवडायचं, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं.

आता हे डब्यांचं प्रकरण काय, ते सांगायला हवं. डॉक्टर पोटाचे सर्जन. दांडिया बाजारात त्यांचं लहानसं हॉस्पिटल होतं, आणि अपेंडिक्स, हर्निया, पित्ताशयातले खडे ही तिथली रोजची कामं. हात असा हलका, की टाके काढले तरी पेशंट विचारी, काढले का? पण टाके काढून झाल्यावरही त्यांचं उपचार करणं संपत नसे. ते पेशंटला सांगत, "आता औषध बंद. घरी जाऊन स्वतःच्या हातानं काहीतरी रांधायचं आणि मला आणून द्यायचं. ते खाल्ल्याशिवाय तुम्ही बरे झालात असं मी म्हणणार नाही."

यातून कुणाची सुटका नव्हती. सूनबाईनं करून दिलेलं सासूनं आपलं म्हणून आणलं, तर डॉक्टर दोन प्रश्नांत पकडत आणि डबा परत पाठवत. पुरुषांनाही सवलत नव्हती. हा गजेंद्र भुसावळकडचा, नंदेसरीच्या केमिकल कारखान्यात कामाला, एका खोलीत एकटा राहणारा, जेवायला खानावळीत. हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा गॅस कुठल्या बाजूनं पेटतो हेही त्याला माहीत नव्हतं. त्यानं आईला फोन करून कृती विचारली आणि भरीत केलं. त्यात वांग्यापेक्षा कोळसा जास्त होता. डॉक्टरांनी ते तोंडात घातलं, डोळे मिटले आणि म्हणाले, असं भरीत मी जन्मात खाल्लं नव्हतं. पुढे गजेंद्र चांगला सुगरण झाला, लग्न झाल्यावर बायकोला त्यानंच भरीत शिकवलं, आणि दर थंडीत त्याचा डबा दांडिया बाजारात हजर होऊ लागला.

नव्वद सालानंतर बडोद्यात काचेच्या दारांची मोठी हॉस्पिटलं उभी राहिली. तिथे आत शिरताच थंडगार वारा अंगावर येई आणि एक मुलगी हसून पॅकेज कुठलं ते विचारी. चिटणीसांच्या हॉस्पिटलात पंखा होता, आणि तोही आवाज करणारा. तरी डॉक्टर काळाच्या मागे राहिले नाहीत. पंचावन्नाव्या वर्षी मुलाच्या वयाच्या सर्जनकडे जाऊन ते दुर्बिणीची ऑपरेशनं शिकून आले. पेशंट दोन दिवसांत घरी जाऊ लागला, त्यामुळे डबेही लवकर येऊ लागले. त्यांतही नवा वारा शिरला. थेपल्यांच्या जोडीला नूडल्स आल्या, आणि कॉलेजातल्या एका मुलीनं मायक्रोवेव्हमधला केक आणला. डॉक्टरांनी त्यालाही छान म्हटलं. ते सगळ्यालाच छान म्हणत.

सगळ्याला म्हणजे घर सोडून. बाईंच्या मनातलं कुसळ होतं ते हेच.

दुपारी तीनला डॉक्टर घरी जेवायला येत. ऑपरेशनला धुवावेत तसे कोपरापर्यंत हात धूत, पाटावर बसत आणि पहिल्या घासाला सुरू होत. आज आमटी पातळ आहे. आज फोडणी करपली. गूळ स्वस्त झालाय का? बाई काही ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. त्या म्हणत, बाहेर बायकांच्या हातचं चापून खाऊन आल्यावर घरचं कसं गोड लागेल? मग रीतसर भांडण होई. भांडता भांडता डॉक्टर आमटीची तिसरी वाटी संपवत आणि जाऊन झोपत. बाई मात्र रागातच भांडी आवरत.

एकदा तर त्यांनी परीक्षाच घेतली होती. चौऱ्याण्णव साल असेल. सकाळी केलेली आमटी त्यांनी शेजारणीच्या डब्यात भरली आणि ऑपरेशन थिएटरच्या कांचन सिस्टरला विश्वासात घेऊन, पेशंटनं दिली म्हणून सांग, असं बजावून पाठवली. कांचन संध्याकाळी सांगत आली, की साहेब म्हणाले, वा, काय आमटी आहे! आणि त्याच दुपारी, त्याच पातेल्यातली आमटी घरी वाढल्यावर, साहेब म्हणाले होते, पातळ आहे. बाई त्या दिवशी भांडल्या नाहीत. परक्या डब्यातून गेली की तीच आमटी अमृत होते, हे कळल्यावर भांडायचं तरी कशासाठी? ती गोष्ट त्यांनी मनात ठेवली ती बारा वर्षं.

आणि आता तेरावा उद्यावर आला होता. नुकतंच उत्तरायण होऊन गेलं होतं, रावपुऱ्यातल्या तारांवर फाटके पतंग लोंबत होते. गुरुजींनी सगळं सांगितलं आणि जाता जाता म्हणाले, त्यांच्या नावाचं पान वाढायचं, त्यात त्यांच्या आवडीचा एक पदार्थ हवा. झालं. बळवंतराव म्हणाले, श्रीखंड, दत्तूला लहानपणी फार आवडे. मुलगा वरद म्हणाला, बाबांना हांडवा आवडायचा बहुतेक. सूनबाई मोहना म्हणाली, भरीत असेल. मग सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं.

"मला विचारू नका," बाई म्हणाल्या. "सगळ्या बडोद्याला माहीत आहे, मलाच माहीत नाही."

हे त्या चिडून बोलल्या खऱ्या, पण बोलल्यावर त्यांना फार वाईट वाटलं. अडतीस वर्षं ज्याच्यासाठी रांधलं, त्याच्या शेवटच्या पानात काय वाढावं हे दुसऱ्यांना विचारायची वेळ यावी, याहून मोठा पराभव कुठला? आपला संसार झाला तो नेमका कुणाशी, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. त्या उठून मागच्या गॅलरीत जाऊन बसल्या.

कांचन सिस्टर तिथेच तांदूळ निवडत होती. पंचवीस वर्षं तिनं डॉक्टरांच्या हातात हत्यारं दिली होती, त्यांनी मागायच्या आत. तिनं आतलं बोलणं ऐकलं होतं. तिनं सूप बाजूला ठेवलं.

मग ती म्हणाली की वहिनी, साहेब ते डबे खात नसत. एक घास घ्यायचे, पेशंटच्या देखत, छान म्हणायचे, आणि पेशंट गेला की डबा तिच्याकडे द्यायचे. खेड्यापाड्यांतून आलेले पेशंटचे नातेवाईक व्हरांड्यात बसलेले असत, त्यांना ती वाटून टाकी. हांडवा, भरीत, नूडल्स, सगळं तिथेच जायचं. ती कधी म्हणाली, साहेब, अजून थोडं घ्या, तर म्हणत, पोट रिकामं ठेवू दे, घरी जाऊन भांडायचंय.

बाई बघतच राहिल्या. मग बारा वर्षांचं कुसळ बाहेर आलं. त्या म्हणाल्या, "आणि माझ्या आमटीचं काय? परक्या डब्यातली म्हणून तिला वा म्हणाले ना?"

कांचन हसू लागली. साहेबांनी एका चमच्यात ओळखली होती, ती म्हणाली. म्हणाले, ही आमच्या घरची, आमची परीक्षा चाललेली दिसते. वहिनींना बोलू नकोस, नाहीतर पुढच्या वेळी पाठवणार नाहीत. आणि तो एकच डबा त्यांनी व्हरांड्यात जाऊ दिला नाही. उभ्या उभ्या सगळा संपवला, बोटानं पुसून.

"मी त्यांना विचारलं होतं वहिनी," कांचन म्हणाली, "की बाहेर सगळ्यांना छान म्हणता, मग घरीच का नावं ठेवता? तर म्हणाले, बाहेरची माणसं घाबरलेली असतात गं, त्यांना छान म्हणावंच लागतं. घरी मला कुणी घाबरत नाही. तिथे खरं बोलता येतं, म्हणून तिथलंच अंगी लागतं."

बाई उठल्या. आत येऊन त्यांनी जाहीर केलं की उद्या श्रीखंड, हांडवा, ज्याला जे आणायचं ते आणा. आमटी मात्र मी करणार, आणि कुणी मध्ये लुडबुड करायची नाही. बळवंतराव म्हणाले, साधी आमटी? तेराव्याला? बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की थोरले दीर असूनही त्यांनी माघार घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी आमटी केली. तुरीची डाळ, आमसूल, बेताचा गूळ, आणि फोडणी समोर उभं राहून, करपू न देता. बऱ्याच दिवसांनी त्यांचे हात भराभर चालत होते. मोहनाला सारखं वाटे, की आई गुणगुणताहेत, पण विचारायचा धीर तिला झाला नाही. नैवेद्याच्या स्वयंपाकाची चव घ्यायची नसते, म्हणून बाईंनी पळी तोंडाला लावली नाही. डॉक्टरांच्या नावाचं पान वाढलं. श्रीखंड, हांडवा, भरीत, सगळ्यांचं मन राखलं, आणि भाताशेजारी आमटीची वाटी ठेवली. बाईंनी हात जोडले तेव्हा त्यांचं तोंड एखादं भांडण जिंकल्यासारखं दिसत होतं.

मग पंगत बसली. घरची माणसं, गजेंद्र, अवंतीबेन, हॉस्पिटलची मंडळी. वाढताना बाई प्रत्येकाला विचारत होत्या, आमटी कशी आहे? बळवंतराव म्हणाले, उत्तम. वरद म्हणाला, मस्त झालीय आई. अवंतीबेन म्हणाल्या, बहु सरस. गजेंद्रानं तर वाटी तोंडाला लावून संपवली आणि पुन्हा पुढे केली. बाई वाढत राहिल्या. पंगत उठली, माणसं हात धुऊन बैठकीत सुपारी कातरत बसली, आणि शेवटी मोहना आणि कांचनबरोबर बाई पानावर बसल्या.

पहिला घास घेतला आणि त्या थांबल्या. दुसरा घास घेऊन पाहिला. आमटीत मीठ नव्हतं. कमी नव्हे, अजिबातच नव्हतं. जन्मभर त्यांची सवय, शेवटी चव घ्यायची आणि मग मीठ घालायचं. आज चव घ्यायची नव्हती, त्याबरोबर मीठही राहून गेलं होतं. शेजारी मोहना ताटाकडे बघत गुपचूप जेवत होती. कांचनही.

बाई वाटी हातात घेऊन तशाच उठल्या आणि बैठकीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"आमटीत मीठ नव्हतं," त्या म्हणाल्या. "एवढी माणसं जेवलात, एकानंही सांगितलं नाही?"

अवंतीबेन साडीचा पदर नीट करू लागल्या. वरद चुळबुळत म्हणाला, की आई, आज कसं सांगायचं, तुला वाईट वाटलं असतं. गजेंद्र खाली मान घालून म्हणाला, "मला वाटलं, डॉक्टरसाहेबांना तशीच आवडत असेल."

यावर आधी कांचनला हसू फुटलं, मग बळवंतरावांना, आणि मग सगळ्या बैठकीला. बाईही हसल्या. हसता हसता त्या तिथेच उंबऱ्यावर बसल्या आणि डॉक्टर गेल्यापासून पहिल्यांदा, सगळ्यांच्या देखत, ढसाढसा रडल्या. मोहना धावत आली, म्हणाली, आई, अहो मीठ काय, आत्ता घालू.

"मिठाचं नाही गं," बाई म्हणाल्या. "आता मला छानच म्हणतील सगळे."