मँगो मलईचं घराणं

मेधाताईंना खोटा आंबा सहन व्हायचा नाही. दुबई मरीनामधल्या एका महागड्या हॉटेलात त्यांनी आइस्क्रीमचा पहिलाच चमचा नाकाशी नेला आणि वेटरला म्हणाल्या, "भैया, ये आम नहीं, आम का फोटो है." आम्ही ऑफिसातल्यांनी माना खाली घातल्या. त्या घरी पोहोचेपर्यंत धुमसत होत्या.

जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या कंपनीत खाण्याच्या वस्तूंचे स्वाद तयार होतात. बिस्किटातला संत्र्याचा, सरबतातला गुलाबाचा. मेधाताई तिथल्या मुख्य फ्लेवरिस्ट. मी त्यांच्या हाताखाली; दुबईतच, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये वाढलेली, मराठीत सुरू केलेलं वाक्य इंग्रजीत संपवणारी. त्यावरूनही ओरडा खायचे. बाटली हुंगून "छान आहे" म्हटलं की त्या उसळायच्या. "छान काय? आईबाप सांग त्याचे!" म्हणजे, हा वास कशाकशातून आलाय ते ओळख. चुकलं की बाटली पुन्हा नाकाखाली. बरोबर आलं की नुसतं "हं", आणि त्यांच्या डब्यातली अर्धी पोळी माझ्या ताटात.

मग ती ऑर्डर आली. गिऱ्हाईक परदेशातलं, तिकडे गांजा कायदेशीर. त्यांच्या 'मँगो मलई' नावाच्या संकरित जातीचा स्वाद हवा होता, गांजा घातलेल्या चघळायच्या गोळ्यांसाठी. सोबत वंशावळही पाठवली होती. आई आंब्याच्या वासाची, तिची आई हिमालयातली रानटी. बाप केकसारखा गोड, पण त्याच्या घराण्यात डिझेलचा भपकारा. मेधाताईंनी मन लावून वाचलं. "घराणं इंटरेस्टिंग आहे," म्हणाल्या. मग पाकिटाचं चित्र उघडलं. गॉगल घातलेलं अस्वल कुल्फी चाटत होतं.

त्या तडक बॉसच्या केबिनमध्ये गेल्या, मी मागोमाग.

"सर, ये किसके लिए है?"

"बड़ों के लिए, मॅडम. और हमारे माल में नशा है ही नहीं, सिर्फ खुशबू है. फुल्ली लीगल."

"बड़े आदमी को नशे में मलई किसलिए चाहिए? ये बच्चे उठाके खाएँगे! वही गोली यहाँ किसी की बॅग में मिले तो जेल, और उसकी खुशबू हम यहाँ बैठके बनाएँ?"

"मॅडम, क्लायंट बड़ा है. गुरुवार को सॅम्पल. खलास."

गुरुवारी क्लायंटची दोन माणसं समोर बसली होती. मेधाताईंनी बाटली उघडली. आधी कैरीचा चीक, मग कुजका लसूण आणि मागून डिझेल. सगळ्या मीटिंग रूममध्ये घाण वास भरला. बॉसने रुमाल नाकाला लावला.

"हे तुमचंच झाड," मेधाताई शांतपणे इंग्रजीत म्हणाल्या. "आई, आजी, बाप, सगळं घराणं आहे. कुठलंही मूल हे तोंडात घालणार नाही."

"पण आम्हाला डेझर्ट हवंय," पाहुणा म्हणाला.

"मग केक खा ना, मेल्या!" हे मराठीतून. कळलं फक्त मला.

महिनाभरात त्यांची नोकरी गेली, नोकरीबरोबर व्हिसाही. सगळ्यांना मेल आला: मेधाताई वैयक्तिक कारणांसाठी कंपनी सोडत आहेत. वैयक्तिक! मी रागारागाने राजीनामा लिहायला बसले, तर त्यांनी माझा लॅपटॉपच मिटला. "तू गेलीस तर इथे भांडणार कोण?" त्या पुण्याला गेल्या. त्यांची खुर्ची मला मिळाली.

मँगो मलई दुसऱ्या शाखेने बनवली. सॅम्पल शेवटच्या मंजुरीसाठी माझ्याकडे आलं. मी हुंगलं आणि पुण्याला फोन लावला.

"जमलंय?" त्यांनी विचारलं.

"जमलंय. तोंडाला पाणी सुटतं."

"आणि ते अस्वल?"

"तसंच आहे."

"मग मला काय सांगतेस? त्यांना सांग!" त्यांनी फोन आपटला.

मी दार न ठोठावता बॉसच्या केबिनमध्ये शिरले. पाकीट त्याच्या टेबलावर टाकलं आणि म्हटलं, "ये बेअर निकलेगा, ये मलई निकलेगी, तब साइन करूँगी."

तो म्हणाला, "तुम भी?"

सही मी अजून केलेली नाही.