अक्कांची सही

डॉक्टरांनी दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी मी स्वतःच्या अकलेने बंद केली आणि तिच्या जागी व्हे प्रोटीनची पावडर सुरू केली. वय त्रेपन्न. वडील पंचावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेलेले. तरीही.

जिमचा मालक म्हणाला होता, "सर, पावडरने कोलेस्टेरॉलपण उतरतं. रिपोर्ट चांगला आला की तुमच्या फोटोसकट भिंतीवर लावतो." मी फोटो आधीच काढून ठेवला, पोट आत ओढून. पावडर घ्यायचो ती म्हशीच्या दुधात, सायीसकट. सोबत कडक भाकरी आणि बचकभर शेंगाचटणी. शेंगदाण्यातही प्रोटीनच असतं ना!

तीन महिन्यांनी रक्त न्यायला अक्का आल्या. आमच्या भागातल्या लॅबमध्ये त्या तंत्रज्ञ. वयाने मोठी माणसंही त्यांना अक्काच म्हणत. सकाळी सातला स्कूटी दाराशी, आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "खरं बोला की ओ. रक्त काय माझं ऐकत न्हाय."

विणकराच्या घरातली बाई. आईबरोबर विड्या वळत लॅबचा कोर्स पुरा केलेला. माझी शीर भल्याभल्यांना सापडत नाही. अक्का दोन बोटांनी चाचपायच्या आणि मी डोळे मिटेपर्यंत काम संपलेलं असायचं. कौतुक केलं की म्हणायच्या, "विडीच्या पानाच्या शिरा काढून काढून बोटं शिकली."

त्या सकाळी पट्टा बांधता बांधता त्यांनी विचारलं, "उपाशी हाय न्हवं?"

"एकदम."

"मग मिशीला पांढरं काय लागलंय?"

"पावडर आहे, अक्का. ते काय जेवण नाही."

पट्टा परत पिशवीत गेला. "उद्या येते."

दुसऱ्या दिवशी खरोखर उपाशी राहिलो. संध्याकाळी रिपोर्ट बघितला, तर वाईट कोलेस्टेरॉल गोळी सुरू होण्याआधीपेक्षाही वर! मी लॅब गाठली आणि हळूच म्हणालो, "अक्का, गोळी सोडून पावडर घेतलीय, एक आकडा तेवढा खाली घ्या. भिंतीवर लावायचाय."

लॅबचे मालक शेजारीच बसलेले. जिमवाल्याची सगळी मंडळी तपासणीला त्यांच्याकडेच येत. अक्कांनी आवाज कमी केला नाही.

"उद्या डॉक्टर हाच कागद बघून गोळी बंदच राहू देतील. तुमाला काय झालं तर वहिनींना मी काय सांगू? खाली माझी सही हाय."

आणि माझ्यासमोरच डॉक्टरांना फोन लावून त्यांनी त्याच संध्याकाळची वेळ घेतली. डॉक्टर म्हणाले, पावडर गोळीचं काम करत नाही. गोळी पुन्हा सुरू झाली. भिंतीवर लावायला रिपोर्ट मिळाला नाही म्हणून जिमवाल्याने आपली माणसं दुसऱ्या लॅबकडे वळवली. लॅबचे मालक महिनाभर कुरकुरले. अक्कांनी ना माफी मागितली, ना त्या गोष्टीचा कधी गवगवा केला. गवगवा मी करतो. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण त्यांतलं एक आमच्या गल्लीत होतं, हे सांगताना माझी छाती फुगते, किश्श्यातलं गाढव मीच असलो तरी.

गेल्या वर्षी अक्का लेकीकडे हैदराबादला गेल्या. आता येतो तो तंत्रज्ञ दोनदा टोचतो आणि काहीच विचारत नाही. परवाचा रिपोर्ट नॉर्मल आला. मी ताबडतोब अक्कांना फोन लावला.

"अक्का, नॉर्मल! शेवटी करून दाखवलं की नाही मी?"

"तुमी काय केलं त्यात? गोळी वहिनी हातावर ठेवतात आन् गिळेपर्यंत समोर उभ्या राहतात. फोन त्यांना द्या."