पाठीवरचं नाव

"सर, हा उठत नाही!" कॅप्टन ओरडला तसा मी शिट्टी टाकून धावलो.

मांडवीला गावोगावच्या संघांची कबड्डी स्पर्धा होती. मी शाळेत पी.टी. शिकवायचो आणि अशा सामन्यांना पंच म्हणून उभा राहायचो. पालीकडच्या एका संघाचा गडी चढाईला गेला, तिघांनी त्याला धरून पाडलं आणि कुणाचा तरी गुडघा त्याच्या पोटात बसला. या संघाला गावाच्या मुंबई मंडळाने पाठीवर नावं छापलेल्या जर्सी पाठवल्या होत्या. मला त्या फार आवडल्या होत्या. "ए निळ्या" अशा हाका मारायला नकोत. पडलेल्याच्या पाठीवर 'सुरेश' होतं.

जीपमधून त्याला सिव्हिलला नेलं. डॉक्टर म्हणाले, "पोटात रक्तस्राव आहे. मी ऑपरेशनला घेतो. घरच्यांना बोलवा." मी सुरेशच्या घरी मोटारसायकल पाठवली. कॅप्टन शेजारीच होता. पत्ता सांगताना सगळं ऐकत होता.

सुरेशची आई संध्याकाळी रडतच आली. ऑपरेशन झालं होतं. ती खाटेवर वाकली आणि एकदम ताठ झाली.

"ह्यो माजा सुरेश न्हाय."

मी कॅप्टनकडे वळलो. त्याने मान खाली घातली. "सुरेश मुंबईसून थेट सामन्याला येनार व्हता, रजा नाय मिळाली, सर. ह्यो पूर्णगडचा दत्ताराम. बाहेरचा खेळवला हे कळलं असतं तर संघ बाद झाला असता."

तो नियम सकाळी मीच वाचून दाखवला होता. इतका पट्टीचा चढाईवाला या गावात मी कधी पाहिला नव्हता, तेही मला खटकलं होतं. पण पाठीवरचं नाव वाचलं आणि गप्प बसलो. कॅप्टनचा राग आला, त्याहून जास्त माझी मला लाज वाटली.

पूर्णगडला निरोप धाडला. सुरेशच्या आईला म्हटलं, "मावशी, तुम्ही घरी जा आता."

"आन ह्याच्याजवल कोन बसंल? त्याची आय येईस्तवर मी हाय."

दत्तारामची आई पोचली तेव्हा तो गेला होता. तिने एवढंच विचारलं, "शेवटाला जवल कोन व्हता?" सुरेशच्या आईने तोवर त्याचा हात सोडला नव्हता.

जर्सीवर नाव असावं का, असं मला अजून विचारतात. असावं. पण त्यानंतर प्रत्येक सामन्याआधी मी गड्यांना रांगेत उभं करून ज्याचं त्याचं नाव त्याच्या तोंडून वदवून घेतलं. पोरं हसायची. मी हसू दिलं.