एक जण हसलं नाही

अन्वरभाई सगळ्यांच्या आधी हसायला लागत आणि सगळ्यांच्या आधी थांबत. थांबत म्हणजे बटण बंद केल्यासारखे. मग बाकीचे हसत असताना मान जराशी कलती करून ऐकत राहत. कुवेतच्या जाब्रिया भागातल्या आमच्या दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट म्हणून नवीन लागले, तेव्हा चहाच्या खोलीत कुणीतरी एका बायकी चालीच्या पेशंटची नक्कल करत होतं. सगळे खिदळले. हसू ओसरलं तसा कोपऱ्यातून शांत आवाज आला, "एक जन हसला नाय." मग मागे वळूनही न बघता तो माणूस म्हणाला, "तू, बाय." मी त्याच्या पाठीमागे उभी होते.

अन्वरभाई कवळ्या बनवत. मूळचे दापोलीकडचे, पण वाढले कुवेतमध्येच. वडिलांचं इथं कापडाचं दुकान होतं. वय पन्नाशीच्या पुढे, लग्न नाही, गाल कायम गुळगुळीत. त्यांच्या टेबलामागच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले असत. "हे माजे प्रेक्षक," ते म्हणत. "तोंड उघडं, आवाज बंद. असेच बरे." म्हणताना चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. त्या खोलीत एकटीनं जाणं मी कित्येक दिवस टाळत होते. पण पुण्याहून आलेली मी आणि दापोलीचे ते. मराठी बोलायला आम्ही दोघंच. हळूहळू त्यांनी आणलेल्या मासळीचा डबा आम्ही वाटून खाऊ लागलो.

एका दुपारी धुळीचं वादळ आलं. आकाश आधी पिवळं, मग विटकरी झालं आणि समोरची इमारत पुसली गेली. दवाखाना लवकर बंद झाला. गाडी चालवणं शक्य नव्हतं. अन्वरभाई म्हणाले, "माजं घर रस्त्यापलीकडंच हाय. वारा पडंपर्यंत बस."

हॉलमध्ये खिडकीतून तांबडा उजेड येत होता. भिंतीशी जुन्या व्हिडिओ कॅसेटी होत्या. वडिलांनी टीव्हीवरून भरून घेतलेल्या. अन्वरभाईंनी एक कॅसेट लावली. जुनी इंग्रजी विनोदी मालिका होती. पडद्यावर हॉल, सोफा, दिवा. दारावरची बेल वाजते, घरमालक दार उघडतो. त्याचा लष्करातला जिवलग मित्र कितीतरी वर्षांनी भेटायला आलेला असतो; पण आता तो मित्र म्हणजे पिवळ्या झग्यातली एक उंच बाई असते. घरमालक आ वासून बघतो. हशा. ती नाव सांगते. हशा. पुढे हात करते. पुन्हा हशा.

अन्वरभाई उठले आणि त्यांनी टीव्हीवर टॉवेल टाकला. "चेहरे नको बघू. हसनं ऐक."

टॉवेलमागून ती बाई म्हणाली, दारात उभं राहून माझे पाय दुखायला लागलेत, आत येऊ का? हसण्याची लाट उसळली. आणि त्या लाटेच्या खाली, अगदी तळाशी, कुणीतरी श्वास आत ओढला. एका बाईचा आवाज. रडू आवरताना येतो तसा.

"ही," अन्वरभाई कुजबुजले. "ही हसत नाय."

त्यांनी कॅसेट मागं नेली. पुन्हा तेच हसू, पुन्हा तोच श्वास. बाहेर वारा काचेवर वाळू घासत होता.

"हसू डब्यात भरलेलं असतं म्हनतात," ते म्हणाले. "तेच तेच लावतात. त्यातली किती मानसं मेली पन असतील. मेलेल्या मानसांच्या गर्दीत ही एकटी बसलेली हाय, बाय. लहानपनापासून मी हिला ऐकतो."

"पहिल्यांदा कधी ऐकलंत?"

"सालमियाच्या घरात. अब्बा, चाचा, सगळे हसत होते. मी त्या पिवळ्या झग्याकडं बघत होतो. मला वाटलं, अरे, ही तर मी. अब्बांनी वळून बघितलं, तू का नाय हसत? त्या दिवसापासून सगळ्यांच्या आधी हसायला लागलो."

मी पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला. तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"खरी भीती ती नाय," ग्लास खाली ठेवून ते म्हणाले. "दुसऱ्या हप्त्यात मी परत टीव्हीसमोर बसलो. ती पिवळ्या झग्यातली नव्हती. तिसऱ्यात नाय. तिला कोनी मारलं नाय, हाकललं नाय. सोफा तोच, दिवा तोच, मानसं तीच. ती कुठं गेली, कोनी विचारलंच नाय. तिच्या जिवलग मित्रानं पन नाय. मी असाच नायसा होईन, बाय."

वारा पडला तेव्हा संध्याकाळ झाली होती. निघताना मी विचारलं, "तुमचं नाव काय?" त्यांना प्रश्न बरोबर कळला. त्यांनी दार उघडलं. मग म्हणाले, "मुलगी झाली असती तर अम्मी सकीना ठेवनार होती."

त्यानंतर वर्षभरानं अम्मी गेल्या. अब्बा आधीच गेले होते. पुण्यात राहणाऱ्या बहिणीला, नजमाला, अन्वरभाईंनी फोनवर सगळं सांगितलं. मी शेजारी बसले होते. पलीकडून नजमा म्हणाली, "जी येशील ती ये. खोली झाडून ठेवते." आज त्या तिथंच राहतात, सकीना म्हणून. कामही कवळ्यांचंच करतात. नजमाची सून त्यांना मावशी मानून 'सकीनाखाला' म्हणते, हे सांगताना फोनवर त्यांचा सूर बदलतो.

पण मला राहून राहून आठवते ती त्यांच्या जाण्याची सकाळ. जानेवारीतलं दाट धुकं होतं. विमानतळावर गाडीतून बॅग काढताना ते म्हणाले, "सगळा जन्म या गावात गेला. ओळखपत्राच्या बताक्यावर अन्वर, दवाखान्यात अन्वर, मशिदीत अन्वर. एक काम करशील? मी चालायला लागलो की मला हाक मार. एकदाच. या गावाला एकदा तरी ते नाव ऐकू दे."

ते चालू लागले. दहा-बारा पावलांतच धुक्यानं त्यांना गिळलं. बॅगेच्या चाकांची घरघरही ऐकू येईनाशी झाली. समोर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. मी घसा मोकळा केला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले, "सकीनाताई!"

आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. मग धुक्यातून, मी कधीही न ऐकलेल्या आवाजात उत्तर आलं:

"ओ!"